हा आकडा कुठल्या मशीनचा?

पत्र

मी पुण्यात एका कंपनीत सिस्टिम्स प्रोग्रामर आहे. सहा वर्षं सी++ लिहिते आहे. आमची टीम एक डीबगर सांभाळते, म्हणजे चालू प्रोग्रॅम थांबवून त्याच्या आत काय चाललं आहे ते दाखवणारं साधन. तो लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हींवर चालतो, आणि गेल्या वर्षापासून गिऱ्हाइकांच्या ३२ बिटी एआरएम बोर्डांवरचे प्रोग्रॅमही त्याने लांबून तपासता येतात. दोन महिन्यांपूर्वी या कोडचे रिव्ह्यू, म्हणजे इतरांनी केलेले बदल (पॅच) स्वीकारण्याआधी वाचून तपासायचं काम, माझ्याकडे आले. माझ्याजवळ फक्त लिनक्सचा लॅपटॉप आहे. पॅच वाचताना सगळं बरोबर वाटतं, मी होकार देते आणि दुसऱ्या दिवशी विंडोजचं बिल्ड तुटलेलं असतं. आता आमच्या एका सीनियर सरांचा पॅच आला आहे. अकरा फाइली, जागोजागी इफडेफ, म्हणजे कुठल्या सिस्टिमसाठी कोडचा कुठला भाग कंपाइल करायचा हे ठरवणाऱ्या ओळी. त्यातला एक तुकडा सोबत पाठवते. मी दोन शंका विचारल्या, तर ‘तिन्ही मशीनवर टेस्ट पास आहेत, उगाच कीस काय पाडतेस’ असं म्हणाले. पॅच चार दिवस पडून आहे. मला विंडोज आणि मॅकच्या आतलं फारसं कळत नाही. मग हे रिव्ह्यू करायची माझी लायकी आहे का? आणि सरांना काय उत्तर देऊ?

उत्तर

तुमचं पत्र वाचलं, सोबतचा तुकडा दोनदा वाचला. आधी लायकीचं बोलू, कारण तो प्रश्न मनात ठेवून बसलं की समोरचा कोड नीट वाचलाच जात नाही.

तिन्ही सिस्टिम्स आतून-बाहेरून माहीत असलेला माणूस मला बावीस वर्षांत भेटलेला नाही. जीडीबी हा डीबगर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये सुरू केला. इतकी वर्षं झाली, असंख्य लोकांचे हात लागले, तरी त्या प्रकल्पात कुठल्या आर्किटेक्चरला कोण जबाबदार हे एका फाइलीत नावानिशी लिहून ठेवलेलं असतं, कारण सगळं एकाच्या डोक्यात मावत नाही हे तिथे गृहीतच धरलेलं आहे. तेव्हा विंडोज येत नाही म्हणून मान खाली घालायचं कारण नाही. आपल्याला काय येत नाही हे माहीत असलेला रिव्ह्यूअर या कामाला हवाच असतो.

दुसऱ्या दिवशी तुटणाऱ्या बिल्डचा दोषही तुमच्या वाचनाचा नाही. कंपायलर दहा मिनिटांत सांगू शकतो ते माणसाने डोळे ताणून शोधावं, ही टीमची गैरसोय आहे. तिन्ही बिल्ड हिरवी झाल्याशिवाय पॅच रिव्ह्यूला येणारच नाही अशी व्यवस्था मागून घ्या, आणि ती मागणी लेखी करा. यावर मी जास्त लिहीत नाही, कारण तुमचा खरा विषय कंपायलरला न दिसणाऱ्या चुकांचा आहे. त्या तिन्हीकडे कंपाइल होतात, तिन्हीकडे टेस्ट पास होतात, आणि चार महिन्यांनी गिऱ्हाइकाकडून परत येतात.

डीबगर इतर प्रोग्रॅमांसारखा नाही. एखादं साधं ॲप तीन सिस्टिम्सवर चालवायचं तर प्रश्न एकच असतो: मी आता कुठे चालतो आहे? डीबगरला दोन प्रश्न पडतात: मी कुठे चालतो आहे, आणि मी ज्याच्याकडे बघतो आहे तो कुठे चालतो आहे? पहिल्याला आपण होस्ट म्हणतो, दुसऱ्याला टार्गेट. लिनक्सच्या लॅपटॉपवर बसून लिनक्सचाच प्रोग्रॅम तपासला की दोन्हींचं उत्तर एकच येतं, आणि तिथेच आपण फसतो. एकच उत्तर येतं म्हणून प्रश्नही एकच आहे असं वाटायला लागतं.

म्हणून पॅचमधल्या प्रत्येक आकड्यापाशी, साइझपाशी, फाइलीच्या नावापाशी मी एकच विचारते: हा कुठल्या मशीनचा? बाकीच्या सगळ्या तपासण्या विसरलात तरी चालेल, ही विसरू नका.

आता तुमचा तुकडा घेऊ. टार्गेटच्या मेमरीतून एक पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या दुसऱ्या जागेचा ॲड्रेस, वाचणारं ते फंक्शन आहे. आधीच्या कोडमध्ये त्यासाठी ‘अनसाइन्ड लाँग’ हा पूर्णांकाचा प्रकार वापरला होता. ६४ बिटी लिनक्सवर आणि मॅकवर लाँग ८ बाइटांचा असतो, ६४ बिटी विंडोजवर मात्र ४ बाइटांचाच. त्यामुळे विंडोजवर अर्धाच पॉइंटर वाचला जात होता. सरांनी तो बग शोधला, इफडेफ टाकून विंडोजसाठी ‘अनसाइन्ड लाँग लाँग’ केला, आणि जितकी त्या प्रकाराची साइझ तितके बाइट वाचायला सांगितले. बग खरा होता, तो हुडकायला त्यांना वेळ लागला असणार, आणि दुरुस्तीनंतर तिन्हीकडे टेस्ट पास झाल्या असतील यातही मला शंका नाही.

आता आपला प्रश्न लावून बघा. ही ८ बाइटांची साइझ कुठल्या मशीनची? जिथे डीबगर कंपाइल झाला त्या मशीनची. आणि वाचायचा पॉइंटर कुणाचा? तुमच्या ३२ बिटी एआरएम बोर्डवरच्या प्रोग्रॅमचा. त्याचा पॉइंटर ४ बाइटांचा. आपण वाचतो ८.

पुढे काय होतं तेही पाहा, कारण हा बग इतके दिवस का लपतो ते तिथेच कळतं. हे फंक्शन लोड झालेल्या लायब्ररींची यादी वाचायला वापरलं आहे. लिनक्समध्ये ती यादी म्हणजे एक साखळी असते. प्रत्येक कडीत लोड झाल्याचा ॲड्रेस, नाव, डायनॅमिक विभागाचा पॉइंटर, मग पुढच्या कडीचा दुवा आणि त्याला लागूनच मागच्या कडीचा दुवा. पुढचा दुवा वाचायला गेलो आणि ४ ऐवजी ८ बाइट उचलले, तर खालच्या अर्ध्या भागात पुढचा दुवा येतो आणि वरच्या अर्ध्यात मागचा. पण पहिली कडी मूळ प्रोग्रॅमची असते. तिच्या मागे कुणी नाही, म्हणून मागचा दुवा शून्य. वरचा अर्धा भाग शून्य आला की आकडा अगदी बरोबर दिसतो! पहिली उडी अचूक पडते, आणि दुसऱ्या कडीवर गेल्यावर दोन दुवे चिकटून एक भलताच ॲड्रेस तयार होतो. ज्याने फक्त ‘साखळी सुरू होते का’ एवढंच बघितलं, त्याला ती सुरू झालेलीच दिसेल.

यावर इलाज इफडेफचा नाही. पॉइंटर किती बाइटांचा हे टार्गेटला विचारायचं, तेवढेच बाइट अनसाइन्ड बाइटांच्या ॲरेत घ्यायचे, टार्गेटच्या बाइट-क्रमाप्रमाणे जोडायचे, आणि आकडा ६४ बिटांच्या ठरलेल्या प्रकारात ठेवायचा. एलएलडीबी या दुसऱ्या डीबगरमध्ये ॲड्रेससाठी कायम ६४ बिटांचा प्रकार वापरतात, होस्ट कुठलाही असो. जीडीबीत तर याच साखळीसाठी ३२ बिटी टार्गेटचा एक तक्ता आणि ६४ बिटी टार्गेटचा दुसरा तक्ता ठेवलेला आहे, कुठला दुवा कितव्या बाइटवर आहे ते सांगणारा. होस्टच्या हेडरमधलं स्ट्रक्चर जसंच्या तसं वापरायचा मोह तिथल्या लोकांनाही पडला असणारच. तरी तक्ते केले.

इफडेफबद्दलचं माझं मत यातूनच आलं आहे. इफडेफ वाईट नसतो, पण त्याचं उत्तर कंपाइल होतानाच कायमचं ठरतं, आणि ते होस्टबद्दलच असू शकतं. ‘समोरचा प्रोग्रॅम लिनक्सचा आहे का’ हे कंपायलरला कळणं शक्यच नाही. ते चालताना कळतं. म्हणून सरांच्या अकरा फाइलींतल्या प्रत्येक इफडेफपाशी थांबा. तो होस्टबद्दल असेल, म्हणजे प्रोसेसला जोडून घेणं, थ्रेड थांबवणं, पाइप उघडणं असलं काही, तर त्याची जागा त्या त्या सिस्टिमच्या वेगळ्या फाइलीत आहे. एलएलडीबीत त्यासाठी होस्टचं वेगळं फोल्डर आहे, आणि प्रोसेसचे प्रकार वेगळे प्लगइन आहेत. तो टार्गेटबद्दल असेल तर कितीही सुबक लिहिला असला तरी चूकच आहे. या एका चाळणीने अकरा फाइलींचा ढीग तासाभरात निम्म्यावर येतो, आणि त्यासाठी विंडोजच्या पोटातलं काही माहीत असावं लागत नाही.

आता सरांचं ‘टेस्ट पास आहेत’ हे वाक्य. मीही एकदा याच वाक्यावर विश्वास ठेवून पॅच पास केला होता. तो अनुभव सविस्तर सांगते, कारण टेस्टकडे बघण्याची माझी नजर त्यानेच बदलली.

बरीच वर्षं झाली. जीडीबीच्या रिमोट प्रोटोकॉलने बोलणारा एक छोटा स्टब आम्ही लिहिला होता. टार्गेटवर बसायचं, आणि प्रोग्रॅम थांबला की डीबगरला कळवायचं: टी हे अक्षर आणि पुढे सिग्नलचा, म्हणजे थांबण्याच्या कारणाचा, दोन अंकी आकडा. पॅच लिहिणाऱ्याने वेटपिड या सिस्टिमच्या फंक्शनकडून जो सिग्नल मिळाला तो तसाच पाकिटात भरून पाठवला. मी वाचलं, सरळ वाटलं. टेस्ट होत्या चार: ब्रेकपॉइंटवर (आपण ठरवलेल्या जागी) थांबणं, कंट्रोल-सीने थांबवणं, अबॉर्ट आणि सेगफॉल्ट. चारही पास.

काही महिन्यांनी एका गिऱ्हाइकाची तक्रार आली. त्यांचा सर्व्हर डीबगरखाली चालवला की मधूनच ‘बस एरर’ म्हणून थांबतो, एरवी सुरळीत चालतो. बस एरर म्हटल्यावर जो तो चुकीचा कास्ट, अलाइनमेंट, मॅप केलेली फाइल असं शोधत बसला. त्यात चार-पाच दिवस गेले. खरी गोष्ट अशी होती की तो सर्व्हर कॉन्फिगरेशन पुन्हा वाचण्यासाठी यूझर-वन सिग्नल वापरायचा. एक्स८६ आणि एआरएम लिनक्सवर त्या सिग्नलचा क्रमांक १०. पण रिमोट प्रोटोकॉलचे क्रमांक त्याचे स्वतःचे आहेत, कुठल्याही एका सिस्टिमचे नाहीत, आणि तिथे १० म्हणजे बस एरर; यूझर-वन तिथे ३० आहे. स्टबने लिनक्सचा १० पाठवला, डीबगरने प्रोटोकॉलचा १० वाचला.

आणि आमच्या चार टेस्ट? कंट्रोल-सी २, ब्रेकपॉइंटचा ट्रॅप ५, अबॉर्ट ६, सेगफॉल्ट ११. हे चारही आकडे दोन्हीकडे तेच आहेत. आम्ही नेमके तेच आकडे तपासले होते जे चुकूच शकत नव्हते. भरीस भर म्हणजे डीबगरने ‘पुढे चालू’ म्हणताना तोच १० परत पाठवला की स्टब तो जसाच्या तसा प्रोग्रॅमला द्यायचा, आणि प्रोग्रॅमला यूझर-वनच मिळायचा. म्हणजे जाता-येता दोन्हीकडे चूक, आणि फेरी पूर्ण झाल्यावर सगळं जागेवर! फक्त पडद्यावरचं नाव खोटं, आणि ‘यूझर-वनवर थांबू नकोस’ ही सूचना डीबगर पाळत नव्हता.

तेव्हापासून पोर्टेबल बदलाची टेस्ट बघताना मी आधी हे बघते की तिने निवडलेला आकडा दोन मशीनवर वेगळा आहे का. सिग्नलची टेस्ट असेल तर यूझर-वन हवा, सेगफॉल्ट नको. पॉइंटरची असेल तर ३२ बिटी टार्गेट हवं, आणि साखळीत निदान तीन कड्या. सगळीकडे सारखाच असलेला आकडा घेऊन केलेली टेस्ट पास झाली, तर ती पोर्टेबिलिटीबद्दल काहीच सांगत नाही. सरांच्या तिन्ही मशीनवर डीबगर आणि समोरचा प्रोग्रॅम दोघेही ६४ बिटी आणि एकाच यंत्रावर. तिन्ही टेस्ट खऱ्या, तरीही तुमच्या बोर्डबद्दल त्यांनी एक अक्षरही सांगितलेलं नाही. तुमची शंका म्हणजे कीस पाडणं नव्हे.

अशा आणखी काही जागा सांगते, जिथे माझं बोट आपोआप थांबतं.

एक्स८६वर ब्रेकपॉइंट म्हणजे एका बाइटची सूचना, किंमत २०४. टार्गेटची मेमरी साध्या ‘चार’ (char) या एका बाइटच्या प्रकाराच्या ॲरेत वाचली आणि त्या बाइटची २०४शी तुलना केली, तर एक्स८६ लिनक्सवर ती कधीच जुळत नाही. तिथे साधा चार चिन्हासह असतो आणि तोच बाइट उणे ५२ होतो. एआरएम लिनक्सवर साधा चार बिनचिन्हाचा, तिथे तीच ओळ बरोबर चालते. आणि ‘एआरएम म्हणजे बिनचिन्हाचा’ असं पाठ करून ठेवू नका, ॲपलच्या एआरएम मशीनवर तो पुन्हा चिन्हासह आहे. टार्गेटच्या मेमरीला साधा चार लावलेला दिसला की बाकी काही न वाचता कमेंट करा. जीडीबीने त्यासाठी बिनचिन्हाच्या बाइटचं स्वतंत्र नावच ठेवलं आहे.

ब्रेकपॉइंट लागल्यावर प्रोग्रॅम काउंटर, म्हणजे पुढची सूचना कुठली ते दाखवणारा आकडा, कुठे असतो, हेही तसंच. एक्स८६वर तो एक बाइट पुढे गेलेला असतो, म्हणून डीबगर एक वजा करतो. हे बघून कुणी सामायिक फाइलीत ‘काउंटर वजा ब्रेकपॉइंटची लांबी’ असं लिहिलं, तर वाचायला फार तर्कशुद्ध वाटतं. पण ६४ बिटी एआरएमवर ब्रेकपॉइंट ४ बाइटांचा असून काउंटर जागचा हलत नाही. वजा केलं की आपण आधीच्या सूचनेवर जाऊन उभे राहतो आणि ती दुसऱ्यांदा चालते. किती वजा करायचं हा प्रत्येक आर्किटेक्चरचा वेगळा आकडा आहे, लांबीवरून काढायचा नाही.

थ्रेडचा मामला तर मी कधीच घाईत वाचत नाही. लिनक्समध्ये पीट्रेसचे, म्हणजे दुसरी प्रोसेस ताब्यात घेऊन तपासायच्या सिस्टिम कॉलचे, हुकूम ज्या थ्रेडने प्रोसेस धरली त्याच थ्रेडने द्यावे लागतात. विंडोजवरही डीबगच्या घटनांची वाट तोच थ्रेड पाहू शकतो ज्याने ती प्रोसेस सुरू केली किंवा धरली. मॅकवर मेमरी वाचणं माख या तिथल्या कर्नलच्या पोर्टांमधून होतं, आणि तिथे असं बंधन नाही. आता समजा मॅकवर काम करणाऱ्या कुणी वेग वाढवावा म्हणून मेमरी वाचणं थ्रेडपूलमध्ये टाकलं. त्याच्याकडे झकास चालेल, लिनक्सवर पीट्रेसने वाचत असाल तर कोसळेल. पॅचमध्ये काम एका थ्रेडवरून दुसऱ्यावर गेलेलं दिसलं की लिहिणारा कुठल्या सिस्टिमवर बसतो ते आधी विचारा.

पीट्रेस हे नाव ओळखीचं वाटतं म्हणूनही गाफील राहू नका. लिनक्सवर त्याने मेमरीतला शब्द वाचला की तो शब्दच परतीचा आकडा म्हणून मिळतो. तिथे उणे १ आला तर ती चूक असू शकते किंवा मेमरीत खरोखरच उणे १ असू शकतो, म्हणून आधी एररनो, म्हणजे शेवटची चूक नोंदवणारा व्हेरिएबल, शून्य करून मगच वाचायचं. मॅकवरच्या पीट्रेसने मेमरी वाचायची सोयच नाही.

फाइलींचं थोडक्यात: विंडोजवर कंपाइल झालेल्या प्रोग्रॅमच्या डीबग माहितीत सी ड्राइव्हचे पाथ असतात, आणि ते तुम्ही लिनक्सवर उघडता. पाथ पूर्ण आहे की अर्धवट हे त्या पाथच्या धाटणीवरून ठरवायचं, आपण कुठे बसलो आहोत त्यावरून नाही. आणि बायनरी फाइल विंडोजवर बायनरी म्हणूनच उघडली आहे ना ते बघा. नाहीतर २६ किंमतीचा बाइट आला की फाइल तिथेच संपली असं समजलं जातं.

हे सगळं आजच पाठ व्हायला हवं असं नाही. होस्ट कुठला आणि टार्गेट कुठलं हे विचारायची सवय लागली की यातल्या बऱ्याच गोष्टी आपोआप टोचायला लागतात.

तुमच्याकडे मशीन नाहीत, त्याचं काय? विंडोजसाठी मिंगडब्ल्यू या कंपायलर-संचाने लिनक्सवरच कंपाइल करून बघता येतं. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरची बरोबरी होत नाही, पण पुष्कळ चुका तिथेच पडतात. एआरएमसाठी क्यूएमू हा दुसऱ्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम चांगला, फक्त एक लक्षात ठेवा. त्याचा जो सोपा प्रकार एकेक प्रोग्रॅम चालवतो, त्यात पीट्रेस चालत नाही. डीबगर तपासायचा तर पूर्ण मशीन उभं करणारा प्रकार घ्यावा लागतो. मॅकला मात्र पर्याय नाही. ॲपलच्या परवान्याप्रमाणे ती सिस्टिम ॲपलच्याच यंत्रावर चालवायची असते, तेव्हा टीमसाठी एक मॅक मिनी मागा. तुमचा डीबगर मुक्त परवान्याचा असेल तर जीसीसी या मुक्त कंपायलरची कंपाइल फार्म आहे. मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना तिथे वेगवेगळ्या आर्किटेक्चरच्या मशीनवर खातं मिळतं.

आणि ‘पास’ हा आकडा एकटा कधीच स्वीकारू नका. किती टेस्ट चालल्याच नाहीत हेही विचारा. उबुंटूवर चालू प्रोसेसला जोडून घ्यायला मूळ सेटिंगमध्ये परवानगी नसते, आपणच सुरू केलेल्या प्रोसेस तेवढ्या धरता येतात. मॅकवर डीबगरला योग्य सही नसेल तर दुसऱ्या प्रोसेसला हातच लावता येत नाही. अशा ठिकाणी नीट लिहिलेली टेस्ट ‘येथे लागू नाही’ म्हणून बाजूला होते आणि रिपोर्ट हिरवा राहतो. एका मशीनवर ४०० टेस्ट पास आणि दुसऱ्यावर १५० पास, २५० वगळलेल्या, असे दोन रिपोर्ट लांबून सारखेच दिसतात.

हवं तेवढंच मागा, हेही सांगायला हवं. तुमची कंपनी ज्या सिस्टिम्सचं नाव घेते त्यांच्याबद्दल हट्ट धरा. सोलारिसवर काय होईल असं विचारून कुणाचा आठवडा घालवू नका. तसं केलंत तर पुढच्या वेळी तुमची रास्त शंकाही त्याच रांगेत जाऊन बसेल.

आता सर. चार दिवस पॅच पडून आहे, यात थोडा तुमचाही भाग आहे. मनातली शंका स्पष्ट मांडता आली नाही म्हणून तुम्ही थांबलात, आणि त्यांना वाटलं अडवून धरलं आहे. ‘हे पोर्टेबल वाटत नाही’ असं लिहिलं की ते माणसाच्या कामावरचं मत होतं. ‘या मशीनवर, हा आकडा असताना, हे होईल’ असं लिहिलं की दोघांनी मिळून बघायची गोष्ट होते. ज्या माणसाने लाँगचा बग हुडकून काढला त्याला ही साखळीची गोष्ट दोन मिनिटांत पटेल. मला तरी त्यांचा राग तुमच्यावर नसून अडकलेल्या कामावर आहे असं वाटतं.

सगळा पॅच एकदम स्वीकारायचा किंवा नाकारायचा असंही नसतं. लिनक्सच्या फाइली तुम्ही वाचल्या असतील तर तेवढ्यांना आजच होकार द्या. विंडोजच्या फाइलींवर सरळ लिहा: ‘हा भाग मी वाचलेला नाही, विंडोज सांभाळणाऱ्यांनी बघावा.’ हे लिहायला सुरुवातीला जड जातं, पण जो होकार तुम्ही मनापासून दिला नाही त्यापेक्षा हे वाक्य टीमच्या कितीतरी जास्त उपयोगाचं आहे. आणि सरांना विनंती करा की निव्वळ कोड इकडून तिकडे हलवला आहे ते एका पॅचमध्ये, होस्टचे बदल दुसऱ्यात आणि टार्गेटचे तिसऱ्यात असे तुकडे करून द्या. पहिला त्याच दिवशी मर्ज होईल, आणि काम पुढे सरकलेलं त्यांनाही दिसेल.

त्या तुकड्यावरची कमेंट मी अशी लिहिली असती. हवी तर शब्द बदलून वापरा:

‘सर, विंडोजवर अर्धा पॉइंटर वाचला जात होता तो बग यात सुटला आहे, ते मी तपासलं. एक उरतं. किती बाइट वाचायचे हे इथे डीबगर जिथे कंपाइल झाला त्या मशीनवरून ठरतं आहे. आपल्या ३२ बिटी बोर्डवर पॉइंटर ४ बाइटांचा आहे आणि आपण ८ वाचतो, त्यामुळे लायब्ररींच्या साखळीत पुढचा आणि मागचा दुवा चिकटून एक आकडा होतो. पहिल्या कडीवर मागचा दुवा शून्य असल्याने ते दिसत नाही. साइझ टार्गेटकडून घेतली तर इथला इफडेफही काढता येईल. तीन लायब्ररी लोड करणारा प्रोग्रॅम घेऊन मी हे बोर्डवर दाखवू शकते.’

ही कमेंट टाकायच्या आधी बोर्ड कुणाकडे आहे ते विचारून आपल्या टेबलावर आणून ठेवा, केबलसकट. सर ‘चल, बघू’ म्हणाले तर लगेच लावता आला पाहिजे.